१ जीबीच्या सर्व्हरवर पीएचपीच्या प्रोसेस किती ठेवायच्या?

नवरात्रात कोल्हापूरच्या अंबाबाईच्या दर्शनाला गर्दी वाढते, तशी ती देवळाच्या आसपासच्या यात्री निवासांच्या साइटवरही वाढते. घटस्थापनेच्या सकाळी बुकिंगचं पान उघडेनासं होतं आणि वर्डप्रेसची ओळ दिसते: 'एरर एस्टॅब्लिशिंग अ डेटाबेस कनेक्शन'. डेटाबेस रिस्टार्ट केला की साइट चालू होते आणि थोड्या वेळानं पुन्हा बसते. मग डेटाबेसच्या सेटिंग उलट्यापालट्या केल्या जातात. डेटाबेसचा मात्र बहुतेक वेळा काही दोष नसतो. पानं बनवणाऱ्या पीएचपीच्या प्रोसेस, म्हणजे तिच्या एकाच वेळी चालू असलेल्या प्रती, वाढत गेल्या, रॅम संपली, आणि मशीन जिवंत ठेवण्यासाठी कर्नलनं, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यानं, सगळ्यात जास्त मेमरी खाणारी प्रोसेस मारली. ती डेटाबेसची निघाली, एवढंच.

हा लेख अशाच लहान मशीनसाठी आहे: १ जीबी रॅम, १ कोर, उबंटू किंवा डेबियन, पुढे विनंत्या घेणारा वेब सर्व्हर एनजिनएक्स, मागे पीएचपीच्या प्रोसेस सांभाळणारा पीएचपी-एफपीएम आणि डेटाबेस म्हणून मारियाडीबी. महाद्वार रोडवरच्या चप्पल दुकानाची साइट, हुपरीच्या चांदीच्या दागिन्यांचा कॅटलॉग, शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीचं पान, असल्या कामाला एवढं मशीन पुरतं. फक्त कुठं किती प्रोसेस ठेवायच्या ते हिशोबानं ठरवावं लागतं. आज्ञा आणि सेटिंगची नावं इथं देवनागरीत दिली आहेत. मशीनवर ती रोमन लिपीत टाइप करायची.

आधी खात्री करा

'सुडो जर्नलसीटीएल -के' ही आज्ञा कर्नलचा लॉग दाखवते. त्यात 'आउट ऑफ मेमरी' आणि 'किल्ड प्रोसेस' हे शब्द शोधा. मारलेल्या प्रोसेसचं नाव आणि वेळ तिथंच असते. मशीन मधे रिबूट झालं असेल तर आज्ञेपुढे '-बी -१' जोडून आधीच्या बूटचा लॉग पाहा. या नोंदी सापडल्या नाहीत तर मेमरीच्या मागे लागण्याआधी डिस्क भरली आहे का ते 'डीएफ -एच' नं पाहून घ्या. डिस्क भरली तरी डेटाबेस असाच बसतो, आणि ते कारण दोन मिनिटांत सापडतं.

मग 'फ्री -एम'. १ जीबीच्या मशीनवर एकूण रॅम साधारण ९६० एमबी दिसते, बाकीची कर्नलकडे गेलेली असते. नवीन माणूस 'फ्री' नावाचा रकाना बघतो, तिथं ६०-७० एमबी दिसतात आणि तो घाबरतो. तो रकाना सोडा. लिनक्स रिकाम्या रॅममध्ये फाइलींचा कॅशे भरून ठेवतो आणि गरज पडली की सोडतो. बघायचा रकाना 'अव्हेलेबल'.

एक प्रोसेस किती खाते?

'पीएस एयूएक्स --सॉर्ट=-आरएसएस' दिलं की सगळ्यात जास्त मेमरीवाल्या प्रोसेस वर येतात. आरएसएस म्हणजे प्रोसेसनं रॅममध्ये व्यापलेली जागा. तिचा आकडा केबीमध्ये असतो. १०२४ नं भागला की एमबी. समजा पीएचपी-एफपीएमची प्रत्येक प्रोसेस ८५ एमबी दाखवते आहे.

हा आकडा फसवा आहे. पीएचपीच्या सगळ्या प्रोसेस काही मेमरी वाटून वापरतात: पीएचपीचा स्वतःचा कोड, लायब्ररी आणि मुख्य म्हणजे ऑपकॅशे (साइटचा कोड एकदा वाचून तयार ठेवलेली जागा). आरएसएसमध्ये हा सामायिक भाग प्रत्येक प्रोसेसच्या नावावर पुन्हा पुन्हा चढतो. खरा भार हवा असेल तर पीएसएस बघा. त्यात सामायिक भाग वापरणाऱ्यांमध्ये वाटून मोजलेला असतो. 'स्मेम' नावाचं पॅकेज बसवून रूट म्हणून 'स्मेम -टी -के -पी पीएचपी-एफपीएम' चालवा. इथला पी कॅपिटल. पॅकेज बसवायचं नसेल तर '/प्रॉक/' पुढे प्रोसेसचा क्रमांक आणि त्यापुढे '/एसमॅप्स_रोलअप' ही फाइल उघडा, त्यात 'पीएसएस' अशी ओळ आहे.

मोजायची वेळही महत्त्वाची. रिस्टार्टनंतर लगेच मोजलं तर प्रोसेस किरकोळ दिसतात, कारण त्यांनी अजून काही काम केलेलं नसतं. दिवसभराची गर्दी होऊन गेल्यावर, संध्याकाळी मोजा. हिशोबाला सरासरीपेक्षा वरच्या बाजूचा आकडा घ्या. पुढच्या उदाहरणात ऑपकॅशे वेगळा धरून प्रत्येक प्रोसेसचा स्वतःचा भार ६० एमबी मानला आहे.

भागाकार

एकूण ९६० एमबी. ऑपरेटिंग सिस्टीम, एसएसएच, लॉग, क्रॉन वगैरेंना १५०. मारियाडीबीला २२०. एनजिनएक्सला २० पुष्कळ झाले. ऑपकॅशे ६४. फाइलींच्या कॅशेसाठी आणि अचानक येणाऱ्या कामासाठी १२० राखीव. उरले ३८६. त्याला ६० नं भागलं की ६.४. म्हणजे ६ प्रोसेस. सातवी नाही.

राखीव १२० एमबी खाऊन टाकायचा मोह होतो. ते खाल्ले की फाइलींना कॅशे उरत नाही, प्रत्येक वाचन डिस्कवर जातं, आणि मेमरी संपायच्या आधीच साइट रखडते.

'फक्त ६? साइटवर एका वेळी २०० लोक असतात!' असतात, पण ते पान वाचत असतात. प्रोसेस अडते ती पान बनवण्यापुरती. एक पान बनायला २०० मिलिसेकंद लागत असतील तर एक प्रोसेस सेकंदाला ५ पानं देते आणि ६ प्रोसेस ३०. शिवाय खरा अडसर बऱ्याचदा कोर असतो. त्या २०० मिलिसेकंदांतले १०० सीपीयूवर जात असतील तर एक कोर सेकंदाला १० च पानं देऊ शकतो, मग प्रोसेस ६ असोत की ४०. ४० ठेवल्या तर तीच १० पानं मिळणार, वर रॅम संपणार. गर्दीला थोडं थांबवून ठेवणं हे मशीन स्वॅपमध्ये (रॅम कमी पडली की वापरायच्या डिस्कवरच्या संथ जागेत) ढकलण्यापेक्षा केव्हाही परवडतं: रांगेतल्या माणसाला पान सेकंदभर उशिरा मिळतं, स्वॅपमध्ये अडकलेल्या मशीनवर कुणालाच मिळत नाही.

आता सेटिंग

उबंटू २४.०४ वर पीएचपीची आवृत्ती ८.३ आहे, तिथं फाइल अशी: '/ईटीसी/पीएचपी/८.३/एफपीएम/पूल.डी/डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू.कॉन्फ'. तुमची आवृत्ती वेगळी असेल तर तो आकडा बदलेल. आधी फाइलची प्रत काढून ठेवा, पण ती त्याच फोल्डरमध्ये '.कॉन्फ' नावानं ठेवू नका. एफपीएम ती दुसरा पूल, म्हणजे प्रोसेसचा वेगळा गट, म्हणून वाचायला जातो. मग या ओळी:

पीएम = डायनॅमिक
पीएम.मॅक्स_चिल्ड्रन = ६
पीएम.स्टार्ट_सर्व्हर्स = २
पीएम.मिन_स्पेअर_सर्व्हर्स = १
पीएम.मॅक्स_स्पेअर_सर्व्हर्स = ३
पीएम.मॅक्स_रिक्वेस्ट्स = ४००
रिक्वेस्ट_टर्मिनेट_टाइमआउट = ६०एस

'मॅक्स_रिक्वेस्ट्स' मुळात शून्य असतं, म्हणजे प्रोसेस कधीच निवृत्त होत नाही. एखादा प्लगइन मेमरी गळत असेल किंवा एकदा मोठं काम येऊन प्रोसेस फुगली असेल, तर ती फुगलेलीच राहते. ४०० विनंत्यांनंतर ती बंद होऊन नवी येते. हा आकडा २०-३० इतका खाली आणू नका; मग प्रोसेस जन्माला घालण्यातच सीपीयू जातो.

एकाच मशीनवर तीन-चार साइट असतील आणि प्रत्येकीचा पूल वेगळा असेल, तर 'पीएम = ऑनडिमांड' आणि 'पीएम.प्रोसेस_आयडल_टाइमआउट = २०एस' बरं. काम नसलेल्या साइटची प्रोसेस मरते आणि मेमरी दुसऱ्या साइटला मोकळी होते. इथं हमखास होणारी चूक म्हणजे प्रत्येक पूलला ६ देणं. चार पूल, २४ प्रोसेस, हिशोब पाण्यात. मुख्य फाइल 'पीएचपी-एफपीएम.कॉन्फ' मध्ये 'प्रोसेस.मॅक्स = ६' लिहा, म्हणजे सगळे पूल मिळून त्यापुढे जाणार नाहीत.

बदल झाला की 'पीएचपी-एफपीएम८.३ -टी' नं फाइल तपासा आणि मगच 'सुडो सिस्टिमसीटीएल रीलोड पीएचपी८.३-एफपीएम'.

'मेमरी_लिमिट' बद्दल एक गैरसमज पक्का बसलेला आहे. १२८एम लिहिलं म्हणजे प्रत्येक प्रोसेस १२८ एमबी घेते असं नाही. एका स्क्रिप्टला तेवढंच घेता येईल अशी ती कमाल मर्यादा आहे. पण एकाच वेळी सहाही प्रोसेस तिथवर गेल्या तर ७६८ एमबी होतात, म्हणून ती २५६ किंवा ५१२ करून ठेवणं धोक्याचं. सगळ्यात जास्त खातं फोटोंचं काम. चपलेचा मोबाइलवर काढलेला ४००० गुणिले ३००० चा फोटो फाइल म्हणून ४ एमबी असेल, पण उघडल्यावर प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट धरून ४८ एमबी होतो, आणि लहान प्रती काढताना त्याच्याही वर जातो. इमेजमॅजिक वापरत असाल तर ही मेमरी पीएचपीच्या मर्यादेत मोजलीच जात नाही. त्यामुळे दुकानदाराला फोटो आधी २००० पिक्सेलपर्यंत लहान करून चढवायला सांगा; सगळ्या सेटिंगपेक्षा याचा उपयोग जास्त होतो. आणि पन्नास फोटो एकदम नकोत.

ऑपकॅशेची मेमरी मूळची १२८ एमबी असते. मोजक्या प्लगइनच्या एका वर्डप्रेस साइटला ६४ पुरते, पण तपासून घ्या: 'ऑपकॅशे_गेट_स्टेटस' या फंक्शनच्या उत्तरात 'ओओएम_रीस्टार्ट्स' शून्यापेक्षा वाढत असेल तर ६४ कमी पडतंय. तेव्हा ९६ करा आणि भागाकार पुन्हा मांडा.

लॉग सांगतो म्हणून आकडा वाढवू नका

काही दिवसांत एफपीएमच्या लॉगमध्ये इशारा येईल: कमाल प्रोसेसची मर्यादा गाठली आहे, ती वाढवण्याचा विचार करा. लॉगला तुमची रॅम किती ते ठाऊक नसतं. हा इशारा वाचून ६ चे ३० करणारे बरेच भेटतात, आणि तिथूनच पहिल्या परिच्छेदातली गोष्ट सुरू होते.

इशारा आला की आधी प्रोसेस कशात अडकल्या आहेत ते शोधा. पूलच्या फाइलमध्ये 'रिक्वेस्ट_स्लोलॉग_टाइमआउट = ५एस' आणि 'स्लोलॉग' पुढे फाइलचा पत्ता लिहा. ५ सेकंदांपेक्षा जास्त अडलेली प्रोसेस कोणत्या फंक्शनमध्ये उभी आहे ते ओळीसह नोंदलं जातं. बहुतेकदा दोष बाहेरच्या कॉलचा निघतो: ओटीपी पाठवणारी एसएमएस सेवा, पेमेंट गेटवे, कुरिअरचा दर विचारणारं एपीआय. ती सेवा उत्तर देत नाही आणि तुमचा कोड ३० सेकंद वाट बघत राहतो. असे सहा ग्राहक एकदम आले की सहाही प्रोसेस गुंतल्या. सीपीयू रिकामा, रॅम शिल्लक, साइट मात्र बंद. यावर उपाय म्हणजे त्या कॉलचा टाइमआउट ५ सेकंदांवर आणणं. प्रोसेस वाढवल्या तर अडकणारेच वाढतील.

दुसरा गुन्हेगार बॉट, म्हणजे आपोआप विनंत्या मारत राहणारे प्रोग्राम. एनजिनएक्सच्या ॲक्सेस लॉगमध्ये 'एक्सएमएलआरपीसी.पीएचपी' आणि 'डब्ल्यूपी-लॉगिन.पीएचपी' किती वेळा येतात ते मोजा. पहिली फाइल वापरात नसेल तर एनजिनएक्समध्येच नाकारा, म्हणजे विनंती पीएचपीपर्यंत पोचणारच नाही. दुसरीला वेगाची मर्यादा घाला.

आणि जे पान सगळ्यांना सारखंच दिसतं ते पीएचपीनं पुन्हा पुन्हा कशाला बनवायचं? खोल्यांचे फोटो, दरपत्रक, किरणोत्सवाच्या तारखा, पत्ता ही पानं कॅशे प्लगइननं तयार एचटीएमएल करून एनजिनएक्सकडून थेट द्या. सहा प्रोसेस मग फक्त बुकिंगला राहतात.

पडद्यावरचा आकडाही बोलतो. ५०४ म्हणजे पीएचपीनं वेळेत उत्तर दिलं नाही; एनजिनएक्स मुळात ६० सेकंद थांबतो. ५०२ म्हणजे पलीकडची प्रोसेस मेली, किंवा एफपीएम बंद आहे, किंवा रांगच भरून वाहिली. ५०४ दिसला तर स्लोलॉग उघडा, ५०२ दिसला तर कर्नलचा लॉग.

डेटाबेस

मारियाडीबीची फाइल '/ईटीसी/मायएसक्यूएल/मारियाडीबी.कॉन्फ.डी/५०-सर्व्हर.सीएनएफ'. 'इनोडीबी_बफर_पूल_साइज' (डेटा रॅममध्ये धरून ठेवायची जागा, म्हणजे बफर पूल) १२८एम आहे तसंच राहू द्या. 'मॅक्स_कनेक्शन्स' मुळात १५१ असतं. सहा पीएचपी प्रोसेसना २० भरपूर. प्रत्येक जोडणी सॉर्ट आणि जॉइनसाठी आपली वेगळी मेमरी मागते, म्हणून हा आकडा उगाच मोठा नको. मारियाडीबीऐवजी मायएसक्यूएल ८ असेल तर 'परफॉर्मन्स_स्कीमा = ऑफ' जरूर लिहा. मायएसक्यूएलमध्ये ते आपोआप चालू असतं आणि लहान मशीनला जड जातं.

स्वॅप आणि मर्यादा

१ जीबी स्वॅप ठेवा, पण ती रॅम समजून हिशोबात धरू नका. क्रम असा: 'फॉलोकेट -एल १जी /स्वॅपफाइल', मग 'चमॉड ६०० /स्वॅपफाइल', 'एमकेस्वॅप /स्वॅपफाइल', 'स्वॅपऑन /स्वॅपफाइल', आणि रिबूटनंतर टिकावी म्हणून '/ईटीसी/एफएसटॅब' मध्ये ओळ: '/स्वॅपफाइल नन स्वॅप एसडब्ल्यू ० ०'. चमॉड विसरला तर फाइल इतरांना वाचता येते आणि तिच्यात पासवर्डही असू शकतात. 'व्हीएम.स्वॅपीनेस' ६० वरून १० करा. काही स्वस्त व्हीपीएस (भाड्याचे आभासी सर्व्हर) कंटेनरवर चालतात, तिथं 'स्वॅपऑन' परवानगी नाकारतं. मग प्रोसेस ६ ऐवजी ५ ठेवा.

सेवा चालू-बंद करणारा सिस्टिमडी वापरून पीएचपीला कुंपण घालता येतं, म्हणजे गोंधळ त्यानं घातला तर फटका डेटाबेसला बसणार नाही. 'सुडो सिस्टिमसीटीएल एडिट पीएचपी८.३-एफपीएम' उघडा आणि 'सर्व्हिस' या भागात लिहा:

मेमरीहाय=४५०एम
मेमरीमॅक्स=५५०एम
ओओएमपॉलिसी=कंटिन्यू
रीस्टार्ट=ऑन-फेल्युअर

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट असते, तसेच हे दोन आकडे. ४५० ला कर्नल पीएचपीचा वेग कमी करून मेमरी परत मिळवायला लागतो, कुणी मरत नाही. ५५० ला मात्र त्या गटातलीच एखादी प्रोसेस मारली जाते. तिसरी ओळ बऱ्याच जणांकडून राहून जाते. ती नसेल तर एक प्रोसेस मेली म्हणून सिस्टिमडी सगळी पीएचपी सेवाच थांबवतो.

मारियाडीबीसाठी याच पद्धतीनं 'ओओएमस्कोरॲडजस्ट=-६००' लिहा. कर्नलला बळी निवडायची वेळ आलीच तर डेटाबेस यादीत खाली राहील. दोन्ही सेवा रिस्टार्ट करा.

एनजिनएक्सऐवजी अपाची असेल तर

अपाचीची प्रीफोर्क पद्धत आणि अपाचीच्या आतच चालणारा मॉड-पीएचपी ही जुनी जोडी असेल तर साधा लोगो पाठवणारी प्रोसेससुद्धा पीएचपीचं ओझं घेऊन उभी असते. डेबियनच्या फाइलमध्ये 'मॅक्सरिक्वेस्टवर्कर्स' १५० असतं. १५० गुणिले ६० म्हणजे ९००० एमबी, आणि मशीन १ जीबीचं! जमलं तर अपाचीची इव्हेंट पद्धत आणि पीएचपी-एफपीएमवर जा. वरचा सगळा हिशोब तसाच लागू होतो. जमत नसेल तर 'मॅक्सरिक्वेस्टवर्कर्स' ६ करा, 'मॅक्सकनेक्शन्सपरचाइल्ड' ५००, आणि 'कीपअलाइव्हटाइमआउट' ५ वरून २ वर आणा. नाहीतर पान मिळालेला ग्राहकही ५ सेकंद प्रोसेस अडवून बसतो.

ताण देऊन बघा

नवरात्राची किंवा जोतिबाच्या चैत्र यात्रेची वाट न बघता, रात्री गर्दी नसताना दुसऱ्या मशीनवरून 'एबी -एन २०० -सी १२' आणि पुढे पत्ता, असं चालवा. 'एबी' हे 'अपाची२-युटिल्स' पॅकेजमध्ये मिळतं. पत्ता मुखपृष्ठाचा देऊ नका, ते कॅशेतून येतं आणि चाचणी खोटी ठरते. खोली शोधण्याचं किंवा चपलेचा नंबर निवडण्याचं पान द्या. सर्व्हरवर दुसऱ्या खिडकीत 'व्हीएमस्टॅट १' चालू ठेवा आणि 'एसआय' व 'एसओ' (स्वॅपमधून आत येणारं आणि स्वॅपमध्ये जाणारं) हे रकाने बघा. अधूनमधून आकडा आला तर हरकत नाही. सलग येत राहिला तर मशीन स्वॅपवर जगतंय, एक प्रोसेस कमी करा आणि पुन्हा चालवा.

त्याच चाचणीत मोठं मशीन घ्यायचं की नाही तेही कळतं. 'यूएस' आणि 'एसवाय' (कामात गेलेला सीपीयू) मिळून शंभराच्या जवळ असतील तर अडसर कोरचा आहे. रॅम वाढवून पैसे वाया जातील, कॅशे वाढवा किंवा कोर वाढवा. 'आयडी' (रिकामा सीपीयू) मोठा आहे, स्लोलॉग कोरा आहे आणि तरी कमाल मर्यादेचा इशारा येतोय, तेव्हाच २ जीबी घ्या. घेतल्यावर नवी रॅम सगळी पीएचपीला वाटू नका. आधी बफर पूल २५६ एमबी करा, राखीव २०० वर न्या, 'मेमरीहाय' आणि 'मेमरीमॅक्स' या दोन्ही मर्यादा वाढवा, आणि उरलेल्याला ६० नं भागा.